गच्चीवरचं धरण

पोट्टेहो, घरात बिघडलेला डीव्हीडी प्लेयर पडलाय का? भंगारवाल्याला देऊ नका. तबकडीचा ट्रे आतबाहेर सरकवणारी इवलीशी मोटर त्यात असते. सेल जोडला की ती फिरते. पण तीच मोटर आपण फिरवली तर? ती वीज देते! पोटात चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी, बस्स. चुंबकाजवळ गुंडाळी फिरली की तारेत वीज तयार होते. मायकेल फॅरेडेनं ही गंमत १८३१ मध्ये दाखवली.

मागच्या पावसाळ्यात मी आणि माझ्या पुतण्यानं अमरावतीच्या गच्चीवर पाणचक्की केली. तुटक्या स्लिपरमधून गोल चकती कापली, कडेला प्लास्टिकचे आठ चमचे खोचले. सगळ्यांची पोटं एकाच बाजूला हं! मधून सायकलचा स्पोक घातला, टोकाला मोटर जोडली आणि टाकीच्या नळाखाली धरली. चाक गरगर, एलईडी मात्र ढिम्म. खालून आजी ओरडली, "काऊन रे पोट्ट्या, पानी नासून राह्यला?"

चूक अशी, की लाल एलईडीलासुद्धा दोनेक व्होल्ट लागतात आणि आमची मोटर फारच हळू फिरत होती. मग दोन जुन्या डीव्हीडींमध्ये पुठ्ठा चिकटवून मोठी कप्पी केली, मोटरच्या दांड्यावर बारकी बसवली आणि दोघींवर रबरबँड चढवलं. आता मोठी एकदा फिरली की बारकी दहा-बारा वेळा! तरीही अंधारच. तारांची अदलाबदल केली (एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते, हे मीच विसरलो होतो) आणि लुकलुकला बाप्पा! खाली ठेवलेल्या बादलीतलं पाणी झाडांना गेलं, तेव्हा आजीही खूश.

आता जरा हिशोब. १० लिटरची बादली १ मीटर उंचीवरून रिकामी केली, तर मिळते साधारण ९८ ज्यूल ऊर्जा. त्यातला थेंबही वाया गेला नाही असं धरलं, तरी घरातला ९ वॅटचा बल्ब जेमतेम ११ सेकंद जळेल. एवढी बादली उचलायला केवढा दम लागतो!

म्हणून तर धरणं लागतात. अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, वाण नदीवर हनुमान सागर आहे. तिथलं वीजघर दीड मेगावॉटचं, म्हणजे १५ लाख वॅटचं. पाणी उंचावरून येतं, पाती फिरवतं, पाती जनित्र फिरवतात. आपल्या चमच्यांचंच काम, फक्त चमचे अगडबंब.

एक गंमत मात्र चक्कीशिवायही करता येते. मोटरचा दांडा बोटानं फिरवा, सहज फिरेल. आता तिच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवा आणि पुन्हा फिरवा. जड लागला ना? आत काहीच घातलं नाही, काहीच अडकलं नाही. तारेतून वीज वाहायला लागली आणि तिनंच तुमचं बोट अडवलं.