इंग्रजांची पेयरुचि

मद्य हें आमच्या वाचकांच्या घरचें पेय नव्हे, हें आम्ही जाणून आहों. परंतु रुचीचा प्रश्न ताटांतला असो कीं पेल्यांतला, त्यांतून समाजाचा स्वभाव कळतो. म्हणून लागर, बिटर आणि ‘खरी एल’ यांविषयींचा इंग्रजांचा वाद येथें थोडक्यांत सांगतों.

या सर्वांचें साहित्य एकच: मोड आणून वाळविलेले जव, पाणी, हॉपचीं कडवट फुलें आणि किण्व. भेद आहे तो किण्वाच्या जातीचा व उष्णमानाचा. एलचें किण्व १५ ते २० अंशांत जलद काम करितें व फळांसारखा सुवास देतें. लागरचें किण्व थंडींत, सुमारें १० अंशांत, सावकाश काम करितें. पुढें ती कित्येक आठवडे गारठ्यांत मुरवितात. ‘लागर’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळीं कोठार. सन १८४२ मध्यें बोहेमियांतील पिल्सेन येथें सोनेरी लागर निघाली व जगभर पसरली. बिटर ही एलचीच इंग्लिश जात. बर्टन गांवच्या जिप्समयुक्त पाण्यानें तिच्या कडवटपणास धार येते.

‘खरी एल’ म्हणजे मात्र निराळी जात नव्हे, तर ठेवण्याची रीत. तिचें किण्व पिंपांतही जिवंत असतें आणि बाहेरचा वायु न घालतां ती बहुधा हातपंपानें काढितात. १९६० नंतर मोठ्या कारखान्यांनीं एल गाळून, तापवून, वायु भरून विकण्याचा सपाटा लाविला. ती टिकाऊ झाली, सर्वत्र एकसारखी झाली. पण निर्जीव झाली. तेव्हां १९७१ सालीं चार इंग्रज तरुणांनीं जुन्या रीतीच्या रक्षणार्थ एक ग्राहकसंस्था स्थापिली. पिंपें वांचलीं; तरीही १९९० च्या सुमारास इंग्लंडांत लागरचा खप एलच्या वर गेला.

विलायतेंतील वास्तव्यांत तिन्ही चाखल्यावर आमचा कौल पिंपांतल्या बिटरला पडला. उन्हाळ्यांत लागरची शीतल स्वच्छता सुखावते, हें नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु अतिशैत्यानें जीभ बधिर होते. तळघरांतील १२ अंशांची बिटर कोणी कोमट म्हणोत, तिची चव घोटागणिक उलगडत जाते.

अशा रुचीची किंमत मात्र द्यावी लागते. ९ गॅलनांच्या पिंपांत ७२ पिंट मावतात व पिंप उघडल्यावर तें सुमारें ३ दिवसांतच संपावें लागतें. रोज २४ पेले न खपल्यास एल आंबते. आंबली कीं गिऱ्हाईक लागरकडे वळतें. गिऱ्हाईक वळलें कीं दुसरें पिंप आणखी लवकर आंबतें, आणि अखेर दुकानदार पिंप ठेवणेंच सोडितो. घुसळलेलें ताजें ताक वा हातसडीचा तांदूळ यांची आमच्याकडील कथा याहून फारशी निराळी नाहीं. नुसत्या स्तुतीनें असे पदार्थ टिकत नाहींत. ते रोज कोणीतरी मागावे लागतात.