गजाआड अत्याचार झाला तर घरच्यांनी काय करावे?

आपल्या वस्तीत कोणी तुरुंगात गेले की घर गप्प होते. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरीवलीहून मुलाखतीसाठी आर्थर रोड, भायखळा, ठाणे, तळोजा अशा फेऱ्या चालू असतात. शेजाऱ्यांना मात्र ‘गावी गेलाय’ असे सांगितले जाते. मग आत लैंगिक अत्याचार झाला तर त्या माणसाने सांगायचे कोणाला? देशातील बंद्यांमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. म्हणून हा प्रश्न आम्ही आरोग्याच्या पानावर घेत आहोत.

२३ जून २०१७ रोजी भायखळा महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या बंदिनीला बेदम मारहाण झाली आणि त्यांचा मृत्यू झाला. दोन अंडी आणि पाच पाव यांच्या हिशेबावरून हे घडले, लाठीने लैंगिक अत्याचारही झाला, असा आरोप सहबंदिनींनी केला. त्या बोलल्या म्हणून खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि कारागृहातील सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. आतले बोलले आणि बाहेरच्यांनी ऐकले, तरच दार उघडते.

मुलाखतीत आपल्या माणसाने काही सूचित केले तर आधी म्हणा, ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही.’ जाळीपाशी खोदून विचारू नका. आजूबाजूला कान असतात. तपशील वकिलाला सांगू द्या. तक्रार कधी करायची हे त्याला किंवा तिला विचारूनच ठरवा, कारण सूड आतच उगवला जातो. अर्जात बराक किंवा कारागृह बदलण्याची मागणी करा.

वेळ महत्त्वाची आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. तपासणीपर्यंत अंघोळ न करणे, कपडे न धुणे बरे; पण अंघोळ झाली असली तरी तपासणी आणि उपचार मागायचेच. बलात्कारपीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी व खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे.

तक्रार तुरुंग अधीक्षकाकडेच करावी असे नाही. तारखेला न्यायाधीशांसमोर तोंडी सांगता येते, वकिलामार्फत लेखी अर्ज देता येतो. कोठडीतील महिलेने बलात्काराचा आरोप केल्यास पोलीस तपासाखेरीज दंडाधिकाऱ्यांची चौकशीही होते. कारागृह कर्मचाऱ्याने केलेल्या बलात्काराला किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. पुरुष बंद्यासाठी भारतीय न्याय संहितेत बलात्काराचे वेगळे कलम नाही. तरी मारहाण आणि दुखापतीची कलमे लागतात, उपचाराचा हक्क तर आहेच. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचे तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारखा वहीत लिहा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बंदी, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे कार्यकर्ते मुंबईच्या कारागृहांत काम करतात. घरच्यांची झोप उडाली असेल तर १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक मराठीतही बोलतात.

विहारातल्या उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे: अशा घरी जा, मुलाखतीला सोबत जा, मुले सांभाळा. शिक्षा न्यायालय देते. त्यावर बहिष्काराची शिक्षा आपण देऊ नये. जयभीम.