गजर कुणाच्या उशाशी?

घरातलं म्हातारं माणूस पडलं की भेटायला येणारे पहिल्यांदा विचारतात, ‘कुठं पडले?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं. न्हाणीघरात, संडासाच्या दारात, नाहीतर पलंगाशेजारीच. ‘केव्हा पडले?’ असं विचारणारा एखादाच. तुम्ही विचारून पाहा. रात्री लघवीला उठताना, पहाटे अंधारात, सगळं घर झोपलेलं असताना, असं उत्तर पुष्कळ घरांतून येईल. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं. ‘अहो, आम्हाला हाक मारायची ना!’

हाक का मारली नाही याची कारणं त्या माणसापाशी असतात. दिवसभर राबलेल्या सुनेला कशाला उठवायचं, हे एक. आयुष्यभर जे आपलं आपण केलं त्यासाठी आता कुणाचा हात धरायचा, ही लाज दुसरी. आणि ज्यांची आठवण विरत चालली आहे, त्यांना तर आपले पाय भार पेलत नाहीत हेच आठवत नाही. ते जागे होतात ते तिशीतल्या पायांनी. इंग्लंडमधल्या केंब्रिज इथे नव्वदी ओलांडलेल्यांचा वर्षभर मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. मदत मागण्याची सोय त्यांतल्या बऱ्याच जणांकडे होती. तरीही जे पडून बराच वेळ जमिनीवर राहिले, त्यांच्या बहुतेक प्रसंगांत ती वापरलीच गेली नव्हती. म्हणजे हाक न मारणं हे काही फक्त आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचं खूळ नव्हे.

या न मारलेल्या हाकेच्या जागी बसवायचं यंत्र म्हणजे बेड अलार्म. ते पूर्वी परदेशातल्या इस्पितळांत दिसायचं. आता आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचा भरणा सर्वांत जास्त. तेव्हा अशा वस्तूकडे घरातल्यांचं लक्ष गेलं तर नवल नाही. पण ती घेण्याआधी ती काय करते आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

रचना साधी आहे. उशीएवढी एक चपटी पट्टी असते. तिच्यात वीज वाहून नेणारे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये भोकं पाडलेला स्पंज. माणूस आडवं झालं की वजनाने दोन्ही थर एकमेकांना टेकतात. माणूस उठलं की ते सुटतात आणि पट्टीला जोडलेली डबी वाजू लागते. दारावरची बेल बटण दाबल्यावर वाजते. ही दाब सुटल्यावर वाजते, एवढाच फरक. दुसऱ्या प्रकारात पलंगाशेजारी जमिनीवर चटई असते, तिच्यावर पाय पडला की आवाज होतो. तिसऱ्यात पलंगाखाली एक ‘डोळा’ असतो, त्याच्यासमोर हालचाल झाली की तो सांगतो. मांजर गेलं तरी सांगतो. चौथा प्रकार म्हणजे कपड्याला चिमट्याने लावायची दोरी. ती ओढली गेली की लोहचुंबक निसटून गजर होतो. मला यातली चटई फारशी पसंत नाही. पडू नये म्हणून आणलेल्या वस्तूतच पाय अडकायची भीती.

पट्टी घेतलीत तर एक लक्षात ठेवा. आपल्याकडची कापसाची गादी जाड आणि गाठाळ. पट्टी तिच्याखाली सारली तर हलक्या अंगाच्या आजीचं वजन तिच्यापर्यंत पोचतच नाही. ती गादीवर, चादरीखाली यायला हवी. कमरेखाली ठेवली तर माणूस काठावरून उठताना वाजते. खांद्याखाली ठेवली तर उठून बसतानाच वाजते, म्हणजे थोडी आधी, पण मग कूस बदलली तरी वाजण्याचा धोका. शिवाय पट्टीला आयुष्य असतं. काही महिने ते वर्षभर, वेष्टणावर लिहिलेलं असतं. मुदत संपलेली पट्टी गप्प राहते, आणि तिच्या भरवशावर घर झोपलेलं असतं. वीज गेल्यावर चालण्यासाठी सेल घातलेत का, हेही पाहायला हवं.

आता मुख्य गोष्ट. हे यंत्र कुणालाही धरत नाही. ते फक्त ओरडतं. उठणं आणि तोल जाणं यांत कधी दोन-तीन सेकंद जातात, कधी मिनिट. तेवढ्या वेळात कुणी येऊन पोचलं तर उपयोग.

इस्पितळांत याची मोठी परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २००८ पासून सरकारी मेडिकेअर योजनेने, रुग्ण इस्पितळात पडून जखमी झाला तर त्या दुखापतीचा वाढीव खर्च देणं थांबवलं. साहजिकच इस्पितळांना गजरांचा आधार वाटू लागला. मग मेम्फिस शहरातल्या एका इस्पितळाच्या १६ विभागांत अभ्यास झाला. त्यांतल्या काही विभागांत परिचारिकांना शिकवून गजरांचा वापर मुद्दाम वाढवला, बाकीच्यांत नाही. सत्तावीस हजारांहून जास्त रुग्णांचा हिशेब होता. २०१२ साली निष्कर्ष आला तो असा, की गजर वाढले, पडणं मात्र लक्षात येण्याइतकं कमी झालं नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १८००हून अधिक रुग्णांवर पलंगाच्या आणि खुर्चीच्या गजरांचा असाच अभ्यास झाला, २०१४ साली त्याचाही कौल तोच पडला. गजर वाजतो तेव्हा परिचारिका दुसऱ्याच रुग्णापाशी गुंतलेली असू शकते. आणि उगीच वाजणारे गजर दिवसात अनेकदा ऐकले की ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखं कानांचं होतं.

मग घरी हे यंत्र घेऊच नये का? असं मी म्हणणार नाही. घरात रुग्ण एक असतो आणि सांभाळणारं माणूस पलीकडच्या खोलीत, कधी त्याच खोलीत असतं. पण हिशेब स्वतः करून पाहावा. दुपारी कुणालातरी त्या पलंगावरून उठायला सांगा, तुम्ही तुमच्या अंथरुणातून उठा, आणि आकडे मोजा. दार उघडून, दिवा लावून पोचायला पंधरा आकडे लागत असतील तर यंत्र बदलून काही होणार नाही, अंथरूण जवळ आणावं लागेल. एक उपयोग मात्र कुठल्याही घरात आहे. माणूस पडलंच, तर ते पहाटेपर्यंत फरशीवर एकटं राहत नाही. तासन् तास तसं पडून राहण्याने अंगाला जखमा होतात, स्नायूंची हानी होते, शरीरातलं पाणी कमी होतं. पडण्याइतकंच हे घातक.

गजर कुणाला ऐकू जावा, हा यातला दुर्लक्षिलेला प्रश्न. माझ्या थोरल्या बहिणीने सांगलीला आमच्या अम्मीसाठी असं यंत्र आणलं. अम्मीचं वय तेव्हा ८३. डबी पलंगालाच बांधलेली, आवाज कर्कश. पहिल्याच रात्री अम्मी भडकली, ‘मैं क्या चोर है? उठी तो बोंबलता मुआ!’ पुढच्या दोन रात्री यंत्र वाजलं नाही. सगळे खूष झाले. तिसऱ्या सकाळी आपाला कळलं की अम्मी आवाजाच्या धास्तीने कूससुद्धा न बदलता लाकडासारखी पडून राहत होती, आणि चादर ओली झाली होती. न वाजणारा गजर म्हणजे सगळं ठीक, असं नव्हे. अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी २०१७ साली ज्या सरकारी सूचना लागू झाल्या, त्यांत नेमकं हेच धरलं आहे. गजराच्या भीतीने माणूस हलेनासं झालं, तर तो गजर म्हणजे त्याला बांधून ठेवण्यासारखंच मानता येतं. आवाजाशी माझा कवितेमुळे रोजचा संबंध आहे, पण आवाज माणसाला असा जखडू शकतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आपाने मग बिनतारी डबी आणली. पट्टी अम्मीच्या पलंगावर, आवाज दुसऱ्या खोलीत. आणि अम्मीला सगळं दाखवून, सांगून. चादरीखाली लपवून ठेवलेली गोष्ट म्हाताऱ्या माणसाला कळतेच, आणि मग विश्वास जातो.

यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग मला त्यानंतर दिसला. आपाने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज गजर वाजल्याच्या वेळा लिहिल्या. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. साडेअकरा, सव्वा, तीन, आणि मग पहाटे. रक्तदाबासाठी दिलेली, लघवी जास्त करवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात होती. कॅलेंडर घेऊनच आपा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळी सकाळी दिली आणि झोपेची गोळी हळूहळू कमी करत आणली. रात्रीचं उठणं चारवरून दोनवर आलं. गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत, पण डॉक्टरांपुढे असा कागद ठेवला तर त्यांनाही बरं पडतं.

राहिलं पहाटेचं उठणं. ते औषधाने थांबणारं नव्हतं आणि थांबवायचंही नव्हतं. फजरच्या नमाजाची वेळ सूर्याबरोबर सरकते. उन्हाळ्यात पावणेपाचच्या आसपास, जानेवारीत पावणेसहाच्या पुढे. अम्मी त्याआधी वजूला जाणार, म्हणजे ओली फरशी, ओले पाय. काकडआरतीला उठणाऱ्या, थंड पाण्याने आंघोळ करणाऱ्या आजींचंही तेच. यावर उपाय म्हणजे ती उठायच्या दहा मिनिटं आधी कुणीतरी उठणं. वजूसाठी पलंगाशेजारी खुर्ची, तांब्या आणि घमेलं ठेवलं. न्हाणीत जायची गरजच उरली नाही.

उठण्याच्या वेळा कळल्या की ज्याला आपण पडणं म्हणतो त्याची कारणं एकेक दिसू लागतात. झोपेतून उठून एकदम उभं राहिलं की वयस्कांचा रक्तदाब उतरू शकतो. झोपून आणि उभं राहून मोजला तर वरच्या आकड्यात २० किंवा खालच्यात १० चा फरक पडतो का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. पडत असेल तर पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसायचं, घोटे हलवायचे, मग उठायचं. पलंगाची उंची बघा. काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकायला हवेत. खाली सामान ठेवायचे पेटीचे पलंग बुटक्या आजीला उंच पडतात. रात्रभर झिरोचा दिवा, वाटेतलं पायपुसणं उचललेलं, लघवीचं भांडं हाताशी, चष्मा उशाशी. यातलं काहीच नवीन नाही, गजरापेक्षा स्वस्तही आहे.

पलंगाला कठडे लावण्याबद्दल बरेच जण विचारतात. भान हरपलेलं माणूस कठड्यावरून चढून उतरायला बघतं आणि जास्त उंचीवरून पडतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २०१३ या काळात इस्पितळी पलंगांत अडकून झालेल्या ५३१ मृत्यूंची नोंद झाली होती. ओढणीने किंवा पट्ट्याने हात बांधून ठेवणं तर मनातही आणू नये.

शेवटी डबी कुणाच्या उशाशी ठेवायची? मी पाहिलेल्या घरांतून यंत्र मुलगा आणतो आणि वाजतं ते सुनेच्या उशाशी. दोन-तीन वेळा उठून पहाटे डबे करणारी ती बाई महिनाभरात स्वतःच आजारी पडायला येते, आणि मग एखाद्या रात्री ती गजर ऐकूनही उठू शकत नाही. अशा वेळी दोष यंत्राला देऊन भागत नाही. आपाकडे पाळी लावली आहे. सम तारखेला आपा, विषम तारखेला तिचा मुलगा, आणि महिन्यातून चार रात्री मी सांगलीला जातो. भाच्याची सुरुवातीला तक्रार होती की त्याची झोप गाढ, त्याला आवाज ऐकूच येत नाही. त्याच्यासारख्यांसाठी थरथरणाऱ्या डब्या मिळतात. त्या उशीखाली ठेवायच्या.