मिश्र व्हॉलीबॉल : संघ चौघांचा, खेळही चौघांचा

कार्यालये, महाविद्यालये आणि गृहनिर्माण संस्थांच्या क्रीडा महोत्सवांत स्त्री-पुरुषांच्या मिश्र व्हॉलीबॉलला अलीकडे हमखास स्थान मिळते. सहा-सहा खेळाडू जमवणे अवघड असल्याने अनेक ठिकाणी दोन पुरुष आणि दोन महिला अशा चौघांचा संघ उतरवला जातो. मात्र सामना सुरू झाला की पुष्कळदा एकच चित्र दिसते. दोन्ही महिला मैदानाच्या कोपऱ्यात उभ्या आणि पुरुष खेळाडू प्रत्येक चेंडूवर धावत सुटलेले. हा प्रकार सहखेळाडूंवर अन्याय करणारा तर आहेच, पण डावपेच म्हणूनही तो तोट्याचा आहे.

याचे कारण साध्या गणितात दडले आहे. व्हॉलीबॉलचे मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला ८१ चौरस मीटर जागा येते. सहा खेळाडू असतील तर एकाने साडेतेरा चौरस मीटर सांभाळावे लागतात. चौघांच्या संघात हाच आकडा सव्वावीसवर जातो, म्हणजे दीडपट होतो. अशा स्थितीत एखाद्या खेळाडूला 'लपवायचे' ठरवले, तर तेवढी जागा प्रतिस्पर्ध्याला आंदण दिल्यासारखेच होते.

आधी नियम, मग डावपेच

मिश्र सामन्यांत जाळ्याची उंची हा कळीचा मुद्दा असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पुरुषांसाठी ती २.४३ मीटर, तर महिलांसाठी २.२४ मीटर आहे. जाळे उंच बांधले तर महिलांना जोरदार फटका मारणे कठीण जाते आणि खाली घेतले तर पुरुषांचे स्मॅश धोकादायक ठरू शकतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या मिश्र व्हॉलीबॉलच्या एका प्रकारात जाळे पुरुषांच्या उंचीवर ठेवतात. संघाने चेंडू एकापेक्षा अधिक वेळा खेळला, तर त्यांपैकी किमान एक स्पर्श महिला खेळाडूचा असावा, अशी अट तेथे असते. सहाजणांच्या खेळात ब्लॉकला लागलेला चेंडू तीन स्पर्शांत धरत नाहीत, बीच व्हॉलीबॉलमध्ये मात्र तो धरतात. स्थानिक स्पर्धेत यांपैकी कोणते नियम लागू आहेत, हे सामन्यापूर्वीच विचारून घेणे श्रेयस्कर.

सर्व्हिस घेताना

चौघांसाठी सर्वांत सोपी रचना म्हणजे पतंगाच्या आकाराची. सेटर जाळ्याजवळ, मध्यापासून किंचित उजवीकडे उभा राहतो. दोघे खेळाडू डाव्या-उजव्या बाजूस, जाळ्यापासून पाच-सहा मीटरवर, तर चौथा त्यांच्या मधोमध थोडा मागे राहतो. सर्व्हिस या तिघांनी घ्यायची आणि चेंडू उंच उडवून सेटरकडे द्यायचा. तो जाळ्याला अगदी खेटून न देता सुमारे एक मीटर अलीकडे द्यावा. खेटून गेलेल्या चेंडूवर सेटरचे हात अडकतात आणि समोरच्याला ब्लॉकची आयती संधी मिळते.

गुण जातात ते बहुधा दोघांच्या मधल्या पट्ट्यात. तेथील चेंडू कोणी घ्यायचा हे सर्व्हिस होण्यापूर्वी ठरलेले असावे आणि घेणाऱ्याने मोठ्याने 'माझा' म्हणावे. हाक न देता दुसऱ्याच्या हद्दीत झेपावल्याने गुण तर जातोच, शिवाय टक्कर होऊन गुडघा-घोटा दुखावण्याची भीती असते.

आक्रमण

महिलेच्या स्पर्शाची अट असेल तर अनेक संघ महिलेलाच कायमची सेटर करतात. ही सोय चांगली असली तरी तिला पर्याय हवा. प्रतिस्पर्ध्याने सर्व्हिस मुद्दाम सेटरवर टाकली आणि पहिला स्पर्श तिचाच झाला, तर दुसरा चेंडू कोण उचलणार? हा 'दुसरा सेटर' आधीच नेमलेला असावा.

दुसरी गोष्ट अशी, की चौघांच्या खेळात ताकदीपेक्षा नेमकेपणाला अधिक मोल आहे. समोर मोकळी जागा भरपूर असते. उंच जाळ्यावरून स्मॅश मारता येत नसेल, तरी मागच्या कोपऱ्यात खोल टाकलेला किंवा ब्लॉकच्या मागे अलगद सोडलेला चेंडू तितकाच प्रभावी ठरतो. त्यामुळे कमी उंचीची खेळाडूही हुकमी गुण मिळवू शकते. अट एवढीच, की तिला चेंडू मिळाला पाहिजे.

बचाव

प्रतिस्पर्धी स्मॅशच्या तयारीत असेल तर ब्लॉकला एकच खेळाडू पाठवावा. त्याने रेषेलगतचा सरळ फटका अडवायचा. पुढच्या फळीतील दुसऱ्याने जाळ्यापासून तीन मीटर मागे सरकून हलके चेंडू आणि तिरके छोटे फटके उचलायचे. मागच्या दोघांपैकी एकाने तिरप्या दिशेचा खोल कोपरा, तर दुसऱ्याने ब्लॉकच्या मागची जागा सांभाळायची. समोरचा सेट फसला असेल तर ब्लॉकचा मोह टाळून चौघांनीही मागे राहावे. उडी न मारल्याने एक बचावपटू वाढतो.

सर्व्हिस कोणावर?

महिलेवर सर्व्हिस टाकणे हा मिश्र स्पर्धांमधला ठरीव हिशेब. तो अनेकदा अंगलट येतो. तिने चेंडू नीट उचलला, की मोकळा राहिलेला पुरुष स्मॅशर निवांत धाव घेऊन फटका मारतो. उलट सर्व्हिस त्याच्याच पायाशी टाकली तर त्याला आधी वाकून चेंडू घ्यावा लागतो आणि त्याची धाव उशिरा सुरू होते. रॅली पद्धतीत सर्व्हिस चुकली तरी प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. म्हणून अंधाधुंद जोरापेक्षा लक्ष्य निवडून केलेली सर्व्हिस फायद्याची.

हे सारे अंगवळणी पडण्यासाठी एक सोपा सराव पुरेसा आहे. प्रत्येक चेंडू तीन वेगवेगळ्या खेळाडूंचा स्पर्श झाल्याशिवाय पलीकडे पाठवायचा नाही, असा नियम करून रोज पंधरा-वीस मिनिटे खेळावे. यातून कोण कुठे उभे राहते, कोणाची हाक ऐकू येत नाही आणि कोणाला चेंडूच मिळत नाही, हे लगेच उघड होते. संघातील उणीव भरून काढायची ती याच सरावात. सामन्यात ती झाकायला चौघांच्या संघाकडे पाचवा गडी नसतो.