प्रभुभोजनाची पंगत

प्रभुभोजनाचा विषय निघाला की आमचे विद्वान आधी भाकरीच्या तत्त्वाला हात घालतात. ती ख्रिस्ताचे शरीर होते, की भाकरच राहते? 1215ची लॅटरन परिषद, 1529 साली मारबुर्गला लूथरने मेजावर खडूने लिहिलेले चार लॅटिन शब्द, त्यावरून झ्विंग्लीशी तुटलेली बोलणी, 1551चा ट्रेंटचा निर्णय. वसईचे माझे कॅथलिक स्नेही यावर रात्र जागवतील आणि मी झोपी जाईन. मला पहिल्यापासून ओढ वाटत आली ती पंगतीची. भाकर मोडायला कोण कोणाशेजारी बसले, हे मला आधी सांगा.

यात माझे पदरचे काही नाही. या भोजनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शुभवर्तमानांच्याही आधीचा आहे. तो पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात सापडतो, आणि तोही भांडणाच्या निमित्ताने. खातेपिते लोक आपले अन्न आधीच उरकून पिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी बसत. पौल खवळला तो या पंक्तिभेदावर. पुढे युरोपातही तेच झाले. प्याला धर्मगुरूंपुरता राहिला आणि लोकांना फक्त भाकर मिळू लागली. 1415 साली कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्यावर शिक्का मारला आणि त्याच परिषदेने यान हुसला जाळले. बोहेमियातल्या त्याच्या अनुयायांनी प्याला हेच आपले निशाण केले आणि त्यासाठी लढाया केल्या. या लढाया द्राक्षारसाच्या चवीसाठी नव्हत्या, एवढे तरी आमचे तत्त्वज्ञ मान्य करतील.

आता आपल्याकडे या. 1849च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा भरे. तिच्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, आणि तोही दारे लावून. पुढे सभासदांची यादी बाहेर गेल्याच्या धास्तीने सभाच मोडली. याच सभेतले बाबा पदमनजी 1854 साली उघडपणे ख्रिस्ती झाले. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, तर ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ते झाली. नुसत्या चहाची ही कथा! मग ब्राह्मण, महार, मांग यांच्या ओठांवरून एकच प्याला फिरणे म्हणजे काय असेल? लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपले सोवळे कसे सुटले ते मनमोकळेपणाने लिहिले आहे. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला तरी त्यांना पुढे काही वर्षे लागली. देव पटला तरी पाणी पटत नाही, हे ज्याने अनुभवले त्यालाच त्या प्याल्याचे वजन कळते.

दक्षिणेत तर हा प्याला जातीपुढे हरत आला होता. तंजावरकडच्या मंडळ्यांत उच्चवर्णीय ख्रिस्ती वेगळे बसत आणि आधी घेत. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी ते बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा कित्येकांनी देऊळच सोडले. मिशनऱ्यांनी आमच्यावर परका विधी लादला, असे म्हणणारे हा इतिहास सोयीने विसरतात. परका म्हणावा तर पंढरीच्या काल्यात काय वेगळे चालते?

आमच्या नगरकडच्या मंडळीत भोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची उपासना असे. बांधावरून भांडलेले दोघे भाऊ त्या संध्याकाळी एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसत, कारण न मिटवता प्याल्याला हात लावायची छाती नसे. आईने एकदा शेजारणीची माफी मागायला कंदील घेऊन मला बरोबर नेले होते. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी प्याल्याची कड पांढऱ्या फडक्याने पुसत आणि प्याला थोडा फिरवून पुढच्याच्या हाती देत.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा वाटले, आता पंगत मोठी झाली. पुढे काय झाले ते मिळकतींचे दावे चालवणाऱ्या वकिलांना विचारा.

आज तयारीची उपासना जवळपास गेली. जंतूंच्या भीतीने अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेले चिमुकले पेले आमच्याकडे कधीच रुळले. आता तर भाकरीचा तुकडा आणि रस एकाच प्लास्टिकच्या डबीत सीलबंद मिळतो. आरोग्याचे मला कळते, क्षयाने गेलेली माणसे मी पाहिली आहेत. पण ज्याने त्याने आपापली डबी उघडून, शेजाऱ्याकडे न पाहता गिळायचे, याला पंगत म्हणत नाहीत. सोयरिकीत जात विचारायची आणि रविवारी भोजनाला बसायचे, हे करिंथकरांना शोभले असते.

पाळकांना आणि पंचांना माझी विनंती एवढीच: पेले हवे तर वेगळे ठेवा, पण भाकर एकच आणा, ती सर्वांसमोर मोडा, आणि आदल्या संध्याकाळची उपासना पुन्हा सुरू करा.