हॉस्पिटलचं बिल आणि वसुलीचा फोन

न्यू जर्सीतल्या मराठी घरात फोन येतो: ‘हॉस्पिटलचे 430 डॉलर थकलेत, आत्ताच भरा, नाहीतर क्रेडिट रिपोर्ट खराब होईल.’ घाबरून कार्ड काढू नका. अमेरिकेतल्या 1977च्या कायद्यानुसार वसुली एजन्सीला पहिल्या संपर्कापासून 5 दिवसांत थकबाकीचा लेखी तपशील द्यावाच लागतो. तो मिळाल्यावर 30 दिवसांत लेखी हरकत घेतली, की खातरजमा होईपर्यंत वसुली थांबते. फोनवर कितीही हुज्जत घाला, त्याने वसुली थांबत नाही, हरकत लेखीच हवी. आणि ती धमकी? इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या तिन्ही कंपन्या 2023पासून 500 डॉलरखालची वैद्यकीय थकबाकी दाखवतच नाहीत. मोठी रक्कमही वर्षभरानंतरच चढते, फेडली की निघते. म्हणजे 430ची धमकी पोकळच! रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतो. आधी तो काढून बघा.