शाहू छत्रपतींचा खजिना आणि बाळाजी विश्वनाथांचा हिशेब

नवे राज्य उभारायला आधी काय लागते असे विचारले तर बहुतेक लोक फौज म्हणतील. आमचा पेठेतला व्यापारी मात्र म्हणेल, आधी पत लागते. १७०८ साली साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा या दोन्ही गोष्टी जवळपास नव्हत्या. मुलूख लढाईने उजाड झालेला, सरदार आज इकडे तर उद्या ताराबाईंकडे. हिशेबाचे खाते अमात्याचे, हे खरे. पण राज्याच्या जमाखर्चाची घडी बसवली ती १७१३ साली पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांनी.

१७१८ साली दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याच्याशी शंकराजी मल्हार यांच्या मध्यस्थीने करार ठरला. बादशहा फर्रुखसियरने तो मानला नाही. बाळाजी फौज घेऊन सय्यदाबरोबर दिल्लीला गेले, आणि बादशहा बदलल्यावर १७१९ च्या मार्चमध्ये स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. बदल्यात दरसाल दहा लाखांची पेशकश आणि पंधरा हजार स्वार द्यायचे होते. दोन्ही बाजूंना गरज होती म्हणून जमलेला हा सौदा. त्यात कोणी कोणावर मेहेरबानी केली नाही.

खरी करामत वाटणीत आहे. सरदेशमुखीचे शेकडा दहा महाराजांचे वतन म्हणून वेगळे. चौथाईचे शंभर रुपये आले असे धरा. त्यातले पंचवीस राजबाबती म्हणून महाराजांचे, सहा सहोत्रा म्हणून पंतसचिवांचे, तीन नाडगौडा म्हणून महाराज देतील त्याचे. उरलेल्या सहासष्टांचा मोकासा सरदारांना, फौज बाळगण्यासाठी. मुलूखही वाटून दिले. नीरेपासून वारणेपर्यंतचा, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीकडचा जुना मुलूख प्रतिनिधींच्या देखरेखीखाली गेला. एकेका परगण्यात अनेकांचे हक्क गुंतवले, की कोणालाच तो पूर्ण गिळता येऊ नये. भागीदारीचा धंदा करणाऱ्याला ही युक्ती ओळखीची वाटेल.

पण मागणी जुन्या आकारणीवर आणि वसुली ओसाड गावातून. कागदावरचे शंभर हाती येत नसत, म्हणून सरदार आणखी पुढचा मुलूख शोधी आणि तोवर कर्जावर फौज पोसी. बाळाजी १७२० मध्येच वारले. त्यांचे पुत्र बाजीराव मोहिमा जिंकत गेले तरी कर्जातून सुटले नाहीत. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हेही त्यांच्या धनकोंपैकी एक!

अमेरिकेचे पहिले अर्थसचिव हॅमिल्टन यांनी १७९० साली उलटा मार्ग धरला. घटक राज्यांची युद्धकर्जे त्यांनी केंद्राच्या अंगावर घेतली. मग सावकार राज्यांना सोडून केंद्राच्या तोंडाकडे पाहू लागला, आणि केंद्र टिकावे हा त्याचाही स्वार्थ झाला. साताऱ्यात कर्ज सरदाराच्या नावावर राहिले. सावकाराला पेशव्यांची मोहीम यशस्वी व्हायला हवी होती, छत्रपतींची तिजोरी भरते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. आमच्या मते साताऱ्याची सत्ता पुढे पुण्याला सरकली त्याचे एक कारण या खातेवहीत आहे.

सनदांचेही तसेच. त्या मिळून वीस वर्षे होत आली तरी मिरजेचा किल्ला मराठ्यांच्या हाती नव्हता. १७३९ साली तो घेताना शाहू महाराज स्वतः फौजेबरोबर गेले होते.